हमिंगबर्डचे फीडर : साखरपाणी, धुणं आणि बाकी सगळं

रानजाई, न्यू जर्सी | १५ एप्रिल

नमस्कार मंडळी,

एप्रिलचा मध्य आला, म्हणजे आमच्या भागात रुबी थ्रोटेड हमिंगबर्डचे नर पोचायला लागले. माद्या थोड्या मागून येतात. जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा हा पक्षी हिवाळा मध्य अमेरिकेत काढतो आणि परत येताना यातले कितीतरी जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. साधारण ८०० किलोमीटर, खाली नुसतं पाणी. एवढं करून जो आपल्या डेकपर्यंत येतो त्याला आपण काय पाजतो याकडे नीट लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. दर वसंतात वेगवेगळ्या धाग्यांवर तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे.

आमच्याकडे संध्याकाळी चालायला बाहेर पडलं की दर चार-पाच घरांमागे एक फीडर, म्हणजे या पक्ष्यांसाठी टांगलेलं साखरपाण्याचं भांडं, दिसतो. त्यातल्या बऱ्याच फीडरमध्ये लालभडक पाणी, तळाशी गढूळ थर आणि पिण्याच्या भोकांभोवती काळे ठिपके असतात. लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण घाणेरड्या फीडरपेक्षा फीडर नसलेला बरा, हे माझं ठाम मत आहे. फुलं असतातच आजूबाजूला.

साखरपाणी असं करायचं : एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. वाटी कुठलीही घ्या, दोन्हीला तीच वापरा. फुलांतल्या मकरंदाच्या गोडीशी हे प्रमाण बऱ्यापैकी जुळतं आणि हे पक्षी ज्या फुलांवर येतात त्यांच्या मकरंदात मुख्यतः सुक्रोज असतं, म्हणजे आपली साखरच. पाणी गरम करून साखर विरघळवली की झालं. पाक करायचा नाही! गॅसवर उकळत ठेवलं तर पाणी आटतं आणि प्रमाण बिघडतं. पूर्ण गार झाल्यावरच भरा. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतं.

लाल रंग घालायची गरज नाही. फीडरची भोकं लाल असतात तेवढं त्यांना पुरतं. दुकानात मिळणारं लाल तयार मिश्रणही घेऊ नका. फुलांचा मकरंद रंगहीनच असतो.

आता धुण्याबद्दल, कारण खरं काम तिथेच आहे. हवा ९० फॅरनहाइटच्या वर गेली की रोज धुवायचा. ८० च्या घरात असेल तर एक दिवसाआड, ७० च्या घरात तीन दिवसांनी. त्याहून थंड असेल तर चार-पाच दिवस चालतील, पण आठवड्याच्या पलीकडे कधीच नाही. पाणी संपलेलं नसलं तरी ओतून द्यायचं. वरून नवं भरून जुनं वाढवत नेणं हे सगळ्यात वाईट, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त केलं जातं.

प्रश्न विचारा, अनुभव लिहा.

ओंजळ, डॅलस | १५ एप्रिल

रानजाई, फार उपयोगाचा धागा. आई आली आहे भारतातून. ती म्हणते साखर कशाला घालतेस त्या एवढ्याशा जिवाला, मध घाल नाहीतर सेंद्रिय गूळ घाल. मला तिला नीट कारण सांगता आलं नाही. आणि इथली ब्राउन शुगर, रॉ शुगर चालते का?

रानजाई, न्यू जर्सी | १५ एप्रिल

ओंजळ, काकूंचा मुद्दा माणसांच्या बाबतीत समजण्यासारखा आहे, पण या पक्ष्याच्या बाबतीत उलटं आहे. मध पाण्यात मिसळला की लवकर आंबतो आणि त्यात बुरशी भराभर वाढते. गूळ, ब्राउन शुगर, रॉ शुगर या सगळ्यात मळी असते आणि तिच्याबरोबर लोह येतं. आपल्याला लोह हवं असतं. हमिंगबर्डच्या रोजच्या खाण्यात ते अगदी कमी असतं आणि जास्तीचं लोह त्याच्या शरीरात साठत जातं, त्याचा त्याला अपाय होतो. दळलेली साखरही नको, तिच्यात बहुतेक वेळा कॉर्नस्टार्च असतं. बिनसाखरेचे गोडवे तर मुळीच नकोत, त्यातून त्याला ऊर्जा मिळत नाही आणि तो पोट भरल्यासारखा पीत राहतो. साखर उसाची असो की बिटाची, पांढरी शुभ्र असली की झालं.

आणि काकूंना हेही सांग की हा पक्षी नुसत्या साखरेवर जगत नाही. बारीक माश्या, चिलटं, कोळी असं बरंच काही तो खातो. प्रथिनं त्यातूनच मिळतात आणि पिल्लांना तर ती भरपूर लागतात. म्हणून फीडर लावायचा आणि त्याच अंगणात कीटकनाशक फवारायचं हे एकत्र करू नये.

ओंजळ, डॅलस | १६ एप्रिल

आईला वाचून दाखवलं. तिला पटलं. कोळी खातो हे ऐकून म्हणाली, मग जाळी झाडू नकोस पोर्चवरची :)

रानजाई, न्यू जर्सी | १६ एप्रिल

अगदी बरोबर सांगितलं काकूंनी! घरट्यासाठीही ती जाळीच लागते. मादी कोळ्याच्या धाग्यांनी घरटं बांधते आणि बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवते. धागे ताणले जातात, त्यामुळे पिल्लं वाढतील तसं घरटंही थोडं सैल होत जातं.

पेट्रीडिश, सॅक्रामेंटो | १९ एप्रिल

सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा पेशा आहे म्हणून थोडी भर घालतो. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी फीडरमधल्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करून २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. फीडरमध्ये वाढणारी वसाहत फुलांच्या मकरंदातल्या वसाहतीपेक्षा वेगळी असते असं त्यांना दिसलं. जिवाणू आणि बुरशी भरपूर होत्या, पण पक्ष्यांना आजारी पाडतात असं माहीत असलेले त्यात थोडेच होते. म्हणजे पाणी किंचित गढूळ झालं म्हणून पक्षी दगावलाच असं समजून घाबरायचं कारण नाही.

पण म्हणून धुणं टाळा असा याचा अर्थ कोणी काढू नये. एका फीडरवर दिवसभरात किती चोची येतात बघा. एका पक्ष्याच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जायला यापेक्षा सोपी जागा नाही. फुलात मकरंदाचा एक थेंब असतो. आपण उन्हात पेलाभर साखरपाणी टांगून ठेवतो.

कावळ्याचं_घर, शार्लट | २४ एप्रिल

पेट्रीडिश, पाण्याला आंबूस वास येत असेल तर? पक्षी तरीही पीत होते म्हणून विचारतोय. आणि भोकांच्या आतल्या बाजूला काळे डाग आहेत, ब्रश तिथे पोचत नाही.

पेट्रीडिश, सॅक्रामेंटो | २४ एप्रिल

आंबूस वास म्हणजे यीस्टने साखर खायला सुरुवात केली, अल्कोहोल तयार होतंय. बर्कलीच्या संशोधकांनी यावर फार छान प्रयोग केला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲनाज हमिंगबर्डना (ही हमिंगबर्डची एक जात) त्यांनी वेगवेगळं साखरपाणी ठेवलं. एक टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं ते नेहमीसारखं पीत राहिले. दोन टक्के झालं तेव्हा पिण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे पक्षी पितोय एवढ्यावरून पाणी चांगलं आहे असं ठरवता येत नाही. थोडं आंबलेलंही तो पितोच. वास आला की ओतून द्यायचं.

काळे डाग म्हणजे बुरशी. नुसत्या गरम पाण्याने ती जात नाही. एक गॅलन पाण्यात पाव कप साधं ब्लीच घाला, फीडरचे सगळे भाग सुटे करून त्यात तासभर बुडवून ठेवा. नंतर भोकांसाठी मिळतो तो काडीएवढा बारीक ब्रश फिरवा, वाहत्या पाण्याखाली वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि उन्हात कोरडं होऊ द्या.

एक गोष्ट ठळक सांगतो : ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो माणसालाही घातक आहे. एका दिवशी एकच काय ते वापरा.

रानजाई, न्यू जर्सी | २४ एप्रिल

रोजच्या धुण्याला मी गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश एवढंच वापरते. आठवड्यातून एकदा व्हिनेगर. भांड्याचा साबण शक्यतो टाळते, त्याचा अंश आत राहिला तर चोचीत जातो. वापरलाच तर खूप वेळ खळबळून घ्यायचं.

फीडर विकत घेताना लोक रंगीत काच, नक्षी बघतात. मी म्हणेन, दुकानातच तो उघडून बघा. हात आत जातो का? सगळे भाग सुटे होतात का? बशीच्या आकाराचा, वरचं झाकण निघणारा फीडर धुवायला सगळ्यात सोपा. उलट्या बाटलीचे दिसायला छान असतात, पण ऊन चढलं की आतली हवा प्रसरण पावते आणि पाणी खाली टपकत राहतं. मग मुंग्या येतात. आणि मोठा फीडर म्हणजे चांगला फीडर असं काही नाही. दोन दिवसांत संपेल एवढंच पाणी भरा.

चिंचबन, ऑस्टिन | ६ मे

मुंग्या! आमच्याकडे टेक्सासात रांगच लागते. तारेला तेल किंवा व्हॅसलीन लावायचा सल्ला मिळालाय.

रानजाई, न्यू जर्सी | ६ मे

तेल, व्हॅसलीन नको. पिसांना लागलं तर ते त्याला काढता येत नाही आणि पिसं चिकटली की उडणं कठीण. त्याऐवजी फीडरच्या वर टांगायची छोटी वाटी मिळते, तिच्यात साधं पाणी भरायचं. मुंग्यांना पोहता येत नाही, प्रश्न मिटतो. पलंगाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे तसंच हे. वाटी सुकली की मुंग्या परत येतात, एवढं लक्षात ठेवा.

मधमाश्या आणि गांधीलमाश्यांसाठी बशीचाच फीडर बरा. त्यात पाण्याची पातळी भोकांच्या खाली राहते. हमिंगबर्डची जीभ पोचते, माशीची पोचत नाही. फीडरवर पिवळी फुलं असतील तर ती काढून टाका, पिवळा रंग माश्यांना बोलावतो.

निरंजन_के, शिकागो | ११ मे

जिभेचा विषय निघाला म्हणून. कित्येक वर्षं असं समजलं जात होतं की हमिंगबर्डच्या जिभेतल्या पन्हळींत मकरंद आपोआप वर चढतो, केशाकर्षणाने. कनेक्टिकट विद्यापीठातल्या आलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि २०११ मध्ये दाखवलं की तसं होत नाही. जीभ टोकाला दुभंगलेली असते, कडेला झालरी असतात. द्रवात गेली की त्या उघडतात, बाहेर येताना मिटतात आणि मकरंद आत पकडला जातो. २०१५ मध्ये त्यांनी पुढचा भाग मांडला : चोचीतून बाहेर येताना दाबली गेलेली जीभ द्रवात फुगते आणि त्या फुगण्यानेच मकरंद आत ओढला जातो. हे सगळं एका सेकंदात दहापेक्षा जास्त वेळा.

म्हणजे प्रत्येक वेळी अख्खी जीभ त्या पाण्यात बुडून परत तोंडात जाते. रानजाई धुण्यावर इतका भर का देतात ते यातून समजावं.

साळुंकी, पुणे | १९ मे

मी पुण्यात राहते, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या बाल्कनीत रोज एक हमिंगबर्ड येतो! काळपट निळा चमकदार, बाकदार चोच, फुलासमोर पंख फडफडवत थांबतो. मीही असा फीडर लावू का?

निरंजन_के, शिकागो | १९ मे

साळुंकी, तो शिंजीर आहे, ज्याला आपण सूर्यपक्षी म्हणतो. तुमच्या वर्णनावरून जांभळा शिंजीर, नर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात, भारतात एकही जात नाही. दोघांचा जवळचा नातेसंबंधही नाही. दोघं फुलांवर जगतात म्हणून दिसायला-वागायला सारखे झाले. शिंजीर क्षणभर हवेत थांबतो खरा, पण बहुतेक वेळा फांदीवर बसूनच पितो. संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारा, सोंड असलेला गुबगुबीत 'छोटा हमिंगबर्ड' दिसला तर तो पतंग असतो, हॉकमॉथ.

रानजाई, न्यू जर्सी | १९ मे

साळुंकी, तुमच्याकडे फीडर नकोच असं मी म्हणेन. पुण्याच्या उन्हाळ्यात साखरपाणी दुपारपर्यंत खराब होईल आणि शिंजिराला तुमच्याकडे बारा महिने खरी फुलं मिळतात. कुंडीत जास्वंद लावा, हॅमेलिया लावा. हॅमेलिया मूळची इकडची, फ्लोरिडापासून दक्षिण अमेरिकेपर्यंतची, आणि इथे ती हमिंगबर्डची आवडती. तिकडे बागांमध्ये तिच्यावर शिंजीर येतात. एकच झुडूप दोन्हीकडे कामाला येतं याचं मला फार अप्रूप आहे.

इकडच्यांनीही फीडरबरोबर फुलं लावाच. पूर्वेकडे ट्रम्पेट हनीसकल (जपानी नव्हे, लाल फुलांचा देशी), बी बाम, कार्डिनल फ्लॉवर. टेक्सासात साल्व्हिया आणि टर्क्स कॅप. फुलं धुवावी लागत नाहीत!

साळुंकी, पुणे | २० मे

धन्यवाद दोघांनाही. जास्वंद आहेच, हॅमेलिया आणते रोपवाटिकेतून.

कावळ्याचं_घर, शार्लट | १२ जुलै

एक नर दिवसभर फीडरशेजारच्या फांदीवर बसून असतो आणि दुसरा कोणी आला की हाकलून लावतो. बाकीचे उपाशी राहतात असं वाटतं. काय करावं?

चिंचबन, ऑस्टिन | १२ जुलै

आमच्याकडेही हेच. दुसरा छोटा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला लावला, जिथून पहिला दिसत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे राखण त्याला जमत नाही. पण धुण्याचं काम दुप्पट होतं, तेवढी तयारी असेल तरच लावा.

रानजाई, न्यू जर्सी | १३ जुलै

चिंचबनला अनुमोदन. जागा निवडताना खिडकीचाही विचार करा. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत हवा किंवा मग तीस फूट तरी लांब. जवळ असेल तर काचेवर आपटण्याइतका वेग त्याला घेता येत नाही. मधलं अंतर धोक्याचं.

आणि या दिवसांत फीडरवर मॅन्टिस (पुढचे पाय जोडून बसणारा शिकारी कीटक) बसलेला दिसला तर त्याला उचलून दूरच्या झुडपात सोडा. मोठे मॅन्टिस हमिंगबर्ड पकडून खातात, विशेषतः इथे बाहेरून आलेला चिनी मॅन्टिस. मारायची गरज नाही, फक्त फीडरपासून लांब न्या.

ओंजळ, डॅलस | २० सप्टेंबर

फीडर कधी काढायचा? ठेवला तर पक्षी दक्षिणेला जायचेच नाहीत असं ऑफिसमधले सांगतात.

निरंजन_के, शिकागो | २० सप्टेंबर

हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. निघायची वेळ दिवस लहान होण्यावरून ठरते, फीडरवरून नाही. निघण्याआधी ते अंगावर चरबी चढवतात, काहींचं वजन जवळपास दुप्पट होतं. त्या दिवसांत फीडरची मदतच होते. शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही दोन आठवडे ठेवा. उत्तरेकडून उशिरा निघालेले वाटेत थांबतात.

मृगजळ, बेलव्ह्यू | १८ नोव्हेंबर

आम्ही नुकतेच सिएटलजवळ राहायला आलो. इथे नोव्हेंबरातही हमिंगबर्ड आहे! शेजारणीने तिचा फीडर दाखवला, मग आम्हीही लावला. पण डिसेंबरात महिनाभर भारतात जातोय. काढून ठेवू का? आणि थंडीत पाणी गोठतं त्याचं काय करतात?

पागोळी, सिएटल | १८ नोव्हेंबर

मृगजळ, स्वागत! तो ॲनाज हमिंगबर्ड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मेक्सिकोतला उत्तर बाहा आणि दक्षिण कॅलिफोर्निया एवढ्यापुरता होता. लोकांनी लावलेली परदेशी फुलझाडं आणि फीडर यांच्या आधाराने किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत ब्रिटिश कोलंबियापर्यंत गेला. इथे तो हिवाळाभर राहतो, फेब्रुवारीतच घरटी सुरू करतो.

कडाक्याच्या रात्री तो शरीराचं तापमान खूप खाली आणतो. एरवी मिनिटाला शेकड्यांनी पडणारे ठोके पन्नासच्या आसपास येतात. पहाटे त्यातून बाहेर आल्या आल्या त्याला खायला लागतं आणि नेमका तेव्हाच आपला फीडर गोठलेला असतो. त्यामुळे मी दोन ठेवते. अंधार पडला की बाहेरचा आत आणते, उजाडायच्या आधी खोलीच्या तापमानाचा बाहेर टांगते. दिवसाही बर्फ होत असेल तर अदलाबदल करते. फीडरखाली लावायचे छोटे हीटर मिळतात, तेही चांगले. प्रमाण मी थंडीतही १:४ च ठेवते. थंडीत पाणी लवकर खराब होत नाही, तरी चार-पाच दिवसांनी धुणं आहेच.

महिनाभर जाणार असाल तर भरून ठेवून जाऊ नका. पक्षी एकाच फीडरवर जगत नाही, त्याच्या फेरीत बऱ्याच जागा असतात. पण थंडीची लाट आली तर चालू फीडर अचानक बंद होणं वाईटच. शेजारीण आधीपासून फीडर लावते ना? तिलाच विचारा, तुमचाही सांभाळेल का म्हणून. नाही म्हणाली तर जायच्या आधीच धुऊन, कोरडा करून आत ठेवा. तिचा फीडर जवळच आहे, पक्ष्याला तो माहीत आहे.

मृगजळ, बेलव्ह्यू | २१ नोव्हेंबर

विचारलं, आनंदाने तयार झाली. साखर मोजून पुड्या करून देतोय आणि ब्रशही तिच्याकडे ठेवतोय. व्हिनेगरचं प्रमाण काय लिहून देऊ?

रानजाई, न्यू जर्सी | २१ नोव्हेंबर

दोन भाग गरम पाणी, एक भाग पांढरं व्हिनेगर, तासभर भिजवून नंतर साध्या पाण्याने तीन-चारदा खळबळायचं. पुडीवर 'एक पुडी, चार कप पाणी' असं लिहा, म्हणजे एका पुडीत एक कप साखर. आणि ब्लीच-व्हिनेगर एकत्र नको, हेही त्याच कागदावर लिहा.